मायर आडनावाविषयी मित्रास पत्र

प्रिय अनंता,

सप्रेम नमस्कार.

तुझ्या कन्येच्या जर्मनीतल्या हानोव्हरमधील इमारतीत तीन मायर कुटुंबे राहतात आणि त्यांचे एकमेकांशी काहीही नाते नाही, याचे तुला नवल वाटले. परंतु आपल्याकडे एका वाड्यात तीन कुलकर्णी राहत असते तर तू विचारलेही नसतेस.

मायर हे कुलकर्ण्यांसारखेच हुद्द्यावरून पडलेले आडनाव आहे. त्याचे मूळ ‘मायॉर’, म्हणजे ‘अधिक मोठा’, या लॅटिन शब्दात आहे. (महापालिकेतला मेयर आणि पलटणीतला मेजर हे त्याच शब्दाचे वंशज.) मध्ययुगात सरदारांच्या व मठांच्या जमिनींवर कुळांकडून धान्य आणि वेठ वसूल करणारा जो कारभारी असे, तो मायर. बाराव्या-तेराव्या शतकांत ही व्यवस्था मोडत गेली तेव्हा अनेक मायर त्याच मोठ्या शेतवाडीचे खंडकरी होऊन बसले. मला येथे कोकणातल्या खोतांची आठवण होते, जरी दोन्ही व्यवस्था तंतोतंत सारख्या नव्हत्या. अशी शेतवाडी गावोगाव असल्यामुळे आडनावही गावोगाव उपजले आणि ओळख पटावी म्हणून त्याला जोड लागली: वरच्या वाडीचा तो ओबरमायर, खालच्या वाडीचा तो निडरमायर.

खरी गंमत लेखनात आहे, आणि ती आपल्या देवनागरीत दिसणारच नाही, कारण उच्चार सर्वांचा एकच. रोमन लिपीत मात्र ‘एम’नंतर ई-वाय लिहिणारे मुख्यतः उत्तरेकडचे, ए-आय लिहिणारे नैऋत्येच्या श्वाबेन प्रांताकडचे, ए-वाय लिहिणारे दक्षिण जर्मनीतले व ऑस्ट्रियातले, बव्हेरियात तर शेवटच्या ‘आर’आधीचा ‘ई’ गाळणारेही आहेत. पूर्वी एकाच माणसाचे नाव पाद्री आज एक तऱ्हेने तर उद्या दुसऱ्या तऱ्हेने लिहीत. 1876 पासून साऱ्या जर्मन साम्राज्यात सरकारी जन्ममृत्युनोंद सुरू झाली आणि दप्तरात जे लेखन सापडले तेच पुढे कायम झाले. एकट्या ई-वाय लेखनाचे मायरही देशातल्या पहिल्या दहा आडनावांत मोडतात.

काही मायरांचा मात्र शेतवाडीशी संबंध नाही. ‘मेईर’, म्हणजे प्रकाश देणारा, हे ज्यूंचे जुने हिब्रू नाव. प्रशिया या जर्मन राज्याने 1812 मध्ये ज्यूंना कायमचे आडनाव घेण्याची अट घातली तेव्हा हे जर्मन कानाला ओळखीचे नाव अनेकांना सोयीचे वाटले असावे. इस्रायलच्या गोल्डा मेयर यांनी मायरसन हे सासरचे आडनाव 1956 मध्ये बदलून ‘मेईर’ केले, म्हणजे हा शब्द पुन्हा हिब्रूत परतला.

हे आडनाव इतके सर्वसामान्य की, शत्रूचे विमान आपल्या हद्दीत शिरले तर मला मायर म्हणा, अशी फुशारकी हिटलरच्या हवाईदलाचा प्रमुख गोअरिंग याने मारल्याचे सांगतात. पुढे बॉम्ब पडू लागल्यावर लोकांनी त्याला खरोखरच तसे म्हणायला सुरुवात केली.

आता कन्येला एवढे विचार की, त्या तिघांच्या पाट्यांवर ई-वाय आहे की ए-आय. एखादा ए-आय निघाला, तर त्याचे आजोबा दक्षिणेतून आले होते का, तेही तिने विचारून घ्यावे.

तुझा,
विनायक