हेड गॅस्केट बदलण्यापूर्वी

संपादक महोदय,
स. न. वि. वि.

मी मोटार मेकॅनिक आहे. गाडी तापली की 'हेड गॅस्केट गेलं' (इंजिनचा खालचा ब्लॉक आणि वरचं झाकण म्हणजे 'हेड', यांच्यामधली सील गेली) म्हणून लगेच इंजिन उघडायची घाई होते, तिचा मला मनापासून राग येतो. परवा एक गृहस्थ घाबरूनच आले. ऑइलच्या झाकणाखाली सायीसारखा पिवळट थर होता; गॅस्केट जाऊन ऑइलमध्ये पाणी शिरलं, असं त्यांना वाटलं. मी ऑइल तपासायची डिपस्टिक ओढली, तर ऑइल स्वच्छ. गाडी रोज थोडंच अंतर धावायची, इंजिन पुरतं तापायचंच नाही, म्हणून आत वाफ धरलेली. गॅस्केट ठणठणीत होतं.

खरं गॅस्केट गेलं की कूलंट (इंजिन थंड ठेवणारा द्राव) बाहेर न गळताही कमी होतं, इंजिन तापल्यावरही सायलेन्सरमधून गोडसर वासाचा पांढरा धूर येत राहतो. तरीही आधी तपासणी करा. रेडिएटरच्या तोंडाशी निळ्या द्रावाची नळी धरतात. ज्वलनाचा वायू कूलंटमध्ये शिरला असेल तर तो द्राव पिवळा पडतो. काही मिनिटांचं काम! (गरम रेडिएटरचं झाकण मात्र कधीही उघडू नका.)

आणि इंजिन उघडलंच, तर नुसतं गॅस्केट बदलून भागत नाही. हेडवर सरळ पट्टी ठेवून खाली फीलर गेज (फट मोजायची पातळ पाती) सरकवून बघावं लागतं. बऱ्याच इंजिनांत 0.05 मिलिमीटरहून जास्त बाक चालत नाही. आवळताना ताणले जाणारे हेडचे बोल्ट नवेच घ्यावेत आणि ते कंपनीने दिलेल्या क्रमानेच, टप्प्याटप्प्याने आवळावेत. गाडीमालकांनी हेड तपासल्याची मापं मेकॅनिककडे जरूर मागावीत.

आपला,
एक मेकॅनिक वाचक