आप्पांना आधी विचारणाऱ्या मिस्त्रीदादांना

दादा, सप्रेम नमस्कार.

माझ्या बोटीच्या दुरुस्तीचं बिल घेताना तुम्ही म्हणालात, "आभार कसले ताई, कामाचे पैसे घेतलेत की." कामाचे पैसे झाले, खरं आहे. पण काम सुरू करण्याआधी तुम्ही जे केलंत ते कुठल्या बिलात बसणारं नव्हतं. अजून आठवलं की डोळे भरून येतात. म्हणून चारचौघांत लिहिते आहे.

नाशिकजवळचं गंगापूर धरण १९६५ साली पुरं झालं तेव्हा आमचे आप्पा शाळेत जात होते. पुढचा सगळा जन्म याच पाण्यावर गेला, होडी आणि जाळं घेऊन. अर्धांगवायूनं उजवा हात-पाय गेला, तरी संध्याकाळच्या फेरीला माझ्या बोटीत बसायचं त्यांनी सोडलं नाही. बसतात ते डाव्या कडेलाच, कारण तिथं चांगल्या हातात कठड्याचा पाइप येतो. माणूस अंगानं भारी, बोट लहान. वेग घेतला की ती डावीकडे कलायची. तोंड इतकं वर उचलायची की समोरचं पाणी दिसायचं नाही. त्र्यंबककडचा वारा सुटला की लाटांवर धाडधाड आपटायची. प्रवासी आधी एकमेकांकडे बघायचे, मग आप्पांकडे. ती नजर आप्पांना कळत होती.

तुमच्या आधी ज्यांना बोलावलं त्यांच्याबद्दल न लिहिता राहवत नाही. एकानं आप्पांच्या तोंडावर सांगितलं, "बाबांना कशाला आणता? घरी बसवा, बोट सरळ चालेल." दुसऱ्यानं त्यांना मधोमध बसवायला लावलं. तिथं धरायला काही नाही. प्रत्येक वळणावर आप्पा नुसते कोलमडायचे. कुणी उजवीकडे वाळूच्या गोण्या टाकायला लावल्या. बोट जड झाली, पाण्यावर उचलली जाईना, पेट्रोल मात्र दणकून प्यायला लागली. शहरातल्या एका दुकानदारानं तर बोटीत पाय न ठेवता मोठं इंजिन घ्या म्हणून सांगितलं. यांतल्या एकालाही आप्पांशी दोन शब्द बोलावेसे वाटले नाहीत.

तुम्ही आलात, पिशवी खाली ठेवलीत, हात पुसलेत आणि आप्पांच्या खुर्चीशेजारी उकिडवे बसलात. "काका, तुम्हाला कुठं बसायला आवडतं?"

आजारपणानंतर आप्पांचं बोलणं अडखळतं. लोक लगेच माझ्याकडे बघतात, मी सांगावं म्हणून. तुम्ही माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. त्यांच्या ओठांकडे बघत शांत बसून राहिलात, शब्द पुरा होईपर्यंत. "डावीकडं." तुम्ही म्हणालात, "मग डावीकडंच बसायचं. हलवायचंच तर सामान हलवू."

दादा, त्या वाक्यावर आप्पांनी मान ताठ केली. तशी मान मी आजारपणानंतर पाहिली नव्हती.

मग तुम्ही खरंच सामान हलवलंत. बॅटरी, पेट्रोलची टाकी, नांगर, सगळं उजव्या अंगाला. थांबलेल्या बोटीत ट्रिम टॅब, म्हणजे बोटीच्या मागे बसवायच्या खाली-वर होणाऱ्या पाट्या, काही कामाचे नाहीत, त्यांना धावतं पाणी लागतं, हे तुम्ही विकण्याआधीच सांगितलंत. इंजिनाचा कोन बदलून तोंड वर-खाली करता येतं, पण डावी-उजवी कल त्यानं जात नाही, हेही. आणि उजवीकडे फिरणारा पंखा उलट जोरानं बोटीला थोडं डावीकडे झुकवतोच, म्हणजे सगळा दोष आप्पांच्या वजनाचा नव्हताच, हे तुम्ही मुद्दाम त्यांना ऐकू जाईल असं बोललात. माझ्या लक्षात आलं बरं का.

मागच्या फळीच्या खालच्या कडेला, इंजिनाच्या दोन्ही बाजूंना त्या बिजागरीच्या स्टीलच्या पाट्या बसल्या. धावत्या एसटीच्या खिडकीतून हात बाहेर काढून तळवा तिरका केला की वारा हात उचलतो, तसं पाणी पाटीला उचलतं, हे तुम्ही हात करून दाखवलंत. डावी पाटी खाली गेली की डावं अंग वर येतं. दोन्ही खाली गेल्या की मागचा भाग उचलतो, तोंड खाली बसतं आणि बोट कमी वेगातही पाण्यावर तरंगत धावायला लागते. पाट्या खाली-वर करायच्या बटणांची गंमत आधी कळेना, कारण उजवं बटण दाबलं की पाटी डावी उतरते. तुम्ही म्हणालात, "पाटी विसरा ताई. कुठल्या बाजूचं तोंड खाली हवंय, तेवढंच बघा." जरासं दाबायचं, बोट काय म्हणते ते बघायचं, मग पुन्हा जरासं. लाटा पाठीमागून येत असतील तर पाट्या पूर्ण वर, नाहीतर तोंड पाण्यात घुसून बोट भलतीकडे वळते. मागे घेतानाही वर. सगळं पाठ आहे.

आता वाऱ्याच्या दिवशीही बोट तोंड खाली धरून लाटा कापत जाते. आपटणं खूपच कमी झालं आहे आणि आप्पांवर कुणाची नजर जात नाही. उलट कल आधी त्यांनाच कळते. प्रवासी डाव्या बाजूला सरकले की माझ्या आधी तेच म्हणतात, "उजवं दाब." अडखळत म्हणतात, पण बरोबर वेळेला म्हणतात.

हुशार मिस्त्री पुष्कळ भेटतात. समोरचा माणूस बोलेपर्यंत थांबणारे फार थोडे. दवाखान्यात, बँकेत, लग्नाच्या मांडवातही आप्पांचे प्रश्न लोक मला विचारतात. तुम्ही समुद्रावरच्या मोठ्या बोटी बघणारे, एका दिवसासाठी नाशिकला आलेले, आमच्याशी ओळख ना देख. तरी हे तुम्हाला कुणी शिकवावं लागलं नाही. तुमच्या आईवडिलांना माझा नमस्कार सांगा.

आणि जाण्यायेण्याचा खर्च बिलात लावलाच नव्हतात, हे तुम्ही गेल्यावर पाहिलं. द्राक्षं निघाली की वहिनी-मुलांना घेऊन या. तेव्हा तो खर्च घ्यावाच लागेल, आप्पांनी तसं बजावून सांगितलंय.

तुमची,
गंगापूरच्या बॅकवॉटरवरची बोटवाली ताई