तिसरी हाक

खानापूर, रविवार

चि. रेवा,
अनेक आशीर्वाद.

परवा फोनवर तू अथणीकडच्या पोराचं सांगितलंस. कोपराच्या वर हाड मोडलेलं, हात प्लास्टरच्या स्लॅबमध्ये, रात्रभर रडणं. सिस्टरनं दोनदा बोलावलं तेव्हा तू दुखण्याचं इंजेक्शन सांगितलंस, तिसऱ्या हाकेला उठून गेलीस. मग सीनियरनं येऊन बँडेज कापलं आणि सगळ्यांदेखत तुला झापलं. मी नुसतं 'हूं' म्हटलं आणि फोन ठेवला. बोलवेना, म्हणून लिहितोय.

माझा डावा हात तू जन्मल्यापासून बघतेस. 'फणसावरून पडलो' एवढंच सांगत आलो. पण फणसानं फक्त हाड मोडलं. 1969 साल, मी नऊ वर्षांचा. हाडवैद्यानं बांबूच्या कामट्या लावून हात करकचून बांधला. रात्री बोटं टम्म फुगली. मी ओरडतोय आणि आजी म्हणतेय, 'मोडल्यावर दुखणारच की रे!' सकाळी वैद्यानं नाडी बघितली. लागत होती, म्हणून तसंच ठेवलं. तिसऱ्या दिवशी सोडलं तेव्हा बोटं माझी राहिली नव्हती. हाड मात्र नीट जुळलं, खोटं कशाला बोलू.

नांगर धरता येईना म्हणून शाळेत टिकलो, मास्तर झालो. तुझ्या आजोबांना ते नुकसान वाटायचं, मला तेव्हाही नाही.

तू एम.एस.ला लागलीस तेव्हा तुझं पुस्तक चाळताना तो हात मला चित्रात दिसला. फोल्कमन नावाच्या जर्मन डॉक्टरनं 1881 सालीच हे लिहून ठेवलेलं. आत सूज कोंडते, रक्त पोचत नाही, सहाएक तासांत स्नायू मरायला लागतात, आणि नाडी तरीही लागू शकते. बोटं सरळ करायला गेलं की पोर किंचाळतं, तीच खूण. पुस्तकात एका ओळीत आहे. माझी अख्खी रात्र त्या ओळीत गेली.

छत्तीस तास जागं ठेवून माणसाकडून शहाणपण मागायचं, हे कसलं शिक्षण, देव जाणे. त्याचा मला रागच आहे. पण त्या पोराला तुझे छत्तीस तास ठाऊक नव्हते. तुला उठणं जमलंच नाही तर दुसऱ्या कुणाला उठव, पण इंजेक्शन सांगून झोपू नकोस. पुढच्या वर्षी तीन महिने जिल्हा रुग्णालयात जाशील, तिथं रात्री उठवायला माणसं कमीच असतील.

आणि तुझं कन्नड शाळेतलं. दुखतंय का हे तू 'नोवु' म्हणून विचारतेस, आपल्याकडची म्हातारी दुखण्याला 'ब्यानी' म्हणतात. पोरं तर नुसती रडतात.

आईनं नवे तांदूळ बांधून ठेवलेत, हुबळीला कोण जातंय बघतो. त्या पोराची बोटं उघडतात काय, तेवढं कळव.

तुझा,
अप्पा