हिवतापाच्या (मलेरियाच्या) कामासाठी पुन्हा एकदा आवाहन

सप्रेम नमस्कार, सेवा जोहार.

मे महिना अर्धा सरला. तेंदूच्या फळ्या (पाने गोळा करण्याची केंद्रे) आटोपल्या की माणसे घरी परततील, मागोमाग पाऊस येईल आणि रोवणीला बांधीत (भातशेतात) उतरल्यावर तापाचे पहिले रोगी दिसू लागतील. गडचिरोलीच्या माणसाला हा क्रम सांगायला नको. यंदा मात्र आपल्या 14 टोल्यांपैकी (वस्त्यांपैकी) 5 टोल्यांवर तपासणी करणारे कोणी नाही आणि मंडळाच्या खात्यात पाऊस निघेल एवढी रक्कम नाही. म्हणून हे पत्र घाईघाईत लिहीत आहे. चूकभूल पदरात घ्यावी.

हे काम कशातून उभे राहिले ते जुन्या मंडळींना आठवत असेल. नाल्यापलीकडच्या टोल्यावर सात वर्षांच्या मुलीला ताप भरला. तिच्या रक्ताची काचपट्टी घेतली, ती आठवडी बाजाराच्या दिवशी पुढे गेली आणि निकाल आला अकराव्या दिवशी. निकालात फॅल्सिपेरम, म्हणजे जीवघेणा मलेरिया, लिहिले होते. तोवर तिला बाजेवर घालून चौघांनी नाला ओलांडून आणले होते आणि वाटेतच तिला झटके येऊन ती गेली होती. तेराव्याच्या जेवणानंतर तिथेच, मोहाच्या झाडाखाली बसून आपण ठरवले की तापाच्या माणसाने दवाखान्याकडे चालायचे नाही, तपासणीच टोल्यावर जायला हवी.

हेडमास्तर गुरुजींनी त्याच आठवड्यात आपल्या पेन्शनच्या फरकातून पत्र्याच्या पेट्या आणून दिल्या. मलेरिया तपासायचे किट ओलसर जागी ठेवले की खराब होते, हे त्यांनी आरोग्य सेवकाला विचारून आधीच समजून घेतले होते. त्या पेट्या आजही चालू आहेत. बचत गटाच्या बायांनी मोहफुलाच्या विक्रीतले पैसे दिले, तेही कोणी मागितले नसताना. ग्रामसभेने बांबूच्या उत्पन्नातून दोन वर्षे हातभार लावला. आपल्या शिंपीदादांनी तीन पावसाळे फाटक्या मच्छरदाण्या फुकट शिवून दिल्या. विषारी औषध लावलेली मच्छरदाणी फाटली की तिचे मासे पकडायचे जाळे होते, ही रड त्यांच्यामुळे बरीच थांबली. एस.टी.चे कंडक्टरभाऊ आरोग्य केंद्रातून किटची पिशवी आपल्या सीटखाली ठेवून आणत, एकदाही हरवली नाही. नागपूर-पुण्याला नोकरीला लागलेल्या पोरांनी पहिल्या पगारातून टॉर्च आणि गमबूट पाठवले.

ताप आला की लोक पूजेसाठी ज्यांच्याकडे जात, त्या पुजारीकाकांचे ऋण तर वेगळेच. सुरुवातीला लोकांना वाटे की हे मंडळ त्यांच्याविरुद्ध आहे. आम्ही चौघे त्यांच्या अंगणात जाऊन बसलो. त्यांनी सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, आधी बोटाचे रक्त तपासा, मग माझ्याकडे या, मी पूजा करतोच. तेव्हापासून त्यांच्या दारातला तापाचा माणूस आधी तपासणीला येतो. एवढ्या एका गोष्टीने जेवढे रोगी वेळेत सापडले, तेवढे आमच्या सगळ्या सभांनी सापडले नसते. गेल्या कार्तिकात काका गेले. त्यांचा मुलगा तोच नेम पाळतो आहे.

आता या कामाने दवाखान्याचे काय झाले तेही सांगतो, कारण हे देणगीदारांपर्यंत नीट पोचलेच नाही. नियमाप्रमाणे आदिवासी भागात 20 हजार लोकांमागे एक प्राथमिक आरोग्य केंद्र आणि 3 हजारांमागे एक उपकेंद्र असते. आपल्याकडे ते 3 हजार लोक केवढ्या रानात विखुरले आहेत ते तुम्ही जाणताच. पूर्वी श्रावणात केंद्राच्या ओसरीवर चटया टाकून तापाचे रोगी निजत. सिस्टर दिवसभर सलाईन लावण्यात, आरोग्य सेवक काचपट्ट्या गोळा करण्यात आणि लॅबवाले भाऊ पट्ट्यांच्या ढिगाखाली. बाळंतिणीकडे बघायला, लसीकरणाला, सिकलसेलच्या (रक्ताच्या आनुवंशिक आजाराच्या) तपासणीला सवड कोणाला? आज टोल्यावरच बोटातून थेंबभर रक्त घेतले की 15 ते 20 मिनिटांत कळते, आणि फॅल्सिपेरम असेल तर तीन दिवसांच्या गोळ्यांचा पहिला डोस तिथेच समोर बसवून दिला जातो. केंद्रात जातो तो खरा गंभीर रोगी, गरोदर बाई, तान्हे मूल. सिस्टर आता ठरलेल्या दिवशी लसीकरणाला पोचते. लॅबवाले भाऊ शंकेच्या पट्ट्या सावकाश तपासू शकतात. त्याची गरज असतेच, कारण बरे झाल्यावरही किटवर कित्येक आठवडे रेघ उमटत राहते आणि औषध पुन्हा द्यायचे की नाही हे काचपट्टीच सांगते.

पण केंद्रावरचे ओझे उतरले म्हणजे नाहीसे झाले असे नाही. त्यातले बरेचसे आपल्या आशाताई आणि स्वयंसेवकांच्या खांद्यावर आले. रजिस्टर, किटचा हिशोब, व्हायव्हॅक्सच्या (पुन्हा उलटणाऱ्या मलेरियाच्या) रोग्याने 14 दिवसांच्या गोळ्या पुऱ्या घेतल्या की नाही हे बघायला रोजची फेरी. ताप उतरला की चौथ्या दिवशी माणूस गोळ्या टाकून शेतावर जातो आणि महिन्या-दोन महिन्यांनी पुन्हा हुडहुडी भरते. या पोरी चिखल तुडवत त्याच्या मागे बांधीवर जातात. दुसरी गोष्ट त्याहून अवघड. मलेरिया कमी झाला तसे बहुतेक तापांत किट कोरे येऊ लागले. मग रोगी विचारतो, "मलेरिया नाही तर काय आहे?" उत्तर नसेल तर पुढच्या वेळी तो येतच नाही आणि खरा मलेरियाही निसटतो. म्हणून यंदा स्वयंसेवकांना लहान मुलांचा श्वास मोजणे, न्यूमोनियाची खूण ओळखणे, रोग्याला कधी पुढे पाठवायचे, हे शिकवायचे आहे. डॉक्टरसाहेब आणि सिस्टर दोन दिवस द्यायला तयार आहेत. आपल्याच जिल्ह्यात गावातल्या बायांनी शिकून नवजात बाळे वाचवून दाखवली आणि तोच धडा पुढे देशभरच्या आशाताईंनी गिरवला, तेव्हा हे होणार नाही असे कोणी म्हणू नये.

मनातले एक बोलतो. गेल्या वर्षीच्या सभेला 11 माणसे होती, त्यांतले 6 आम्ही कार्यकारिणीचेच. पावतीपुस्तक घेऊन फिरलो तेव्हा ज्यांच्या घरी आम्ही रात्री-अपरात्री किट घेऊन गेलो होतो, त्यांनीच विचारले, "आता कुठे राहिला मलेरिया?" वाईट वाटले. आपल्या देशात 1953 साली मलेरियाविरुद्ध मोठी मोहीम सुरू झाली, 1965 पर्यंत रोगी लाखाच्या आसपास आले, मग हात सैल पडले आणि 1976 साली तोच आकडा 64 लाखांवर गेला. डास कुठेच गेले नव्हते. उलट ओडिशाने घरोघरी तपासणी, मच्छरदाण्या आणि आशाताईंच्या जोरावर 2016 चे सुमारे 4 लाख 40 हजार रोगी 2019 पर्यंत 40 हजारांच्या आसपास आणले. पलीकडे बस्तरमध्ये 2020 पासून घरोघर तपासणी झाली. आपली माणसे त्याच रानातून ये-जा करतात, मिरची तोडायला तेलंगणात जातात. आपल्याच टोल्यांनी मध्ये खिंडार ठेवायचे का?

गरज अशी: 5 टोल्यांसाठी स्वयंसेवक (माडिया किंवा गोंडी बोलता यावे, शिक्षणाची अट नाही, बाई असल्यास उत्तम), 14 जणांना जून ते नोव्हेंबर प्रवास व चहापाण्याचे दरमहा 600 रुपये, गमबूट 14 जोड, टॉर्च 14, थर्मामीटर 20, रेनकोट 14, सायकली 3 (जुन्या चालतील). नाल्याला पूर असताना डोंगा चालवणाऱ्या दोघांना मजुरी. एकूण सुमारे 85 हजार, जमा आहेत 22 हजार. किट आणि गोळ्या शासनाकडून मोफत मिळतात, कृपया औषधे आणू नयेत. बोडीत (तळ्यात) सोडायला डासांच्या अळ्या खाणारे गप्पी मासे केंद्रातून मिळतात, उन्हाळ्यात मासे जगवायला ज्यांच्याकडे टाके आहे त्यांनी कळवावे. रक्कम मंडळाच्या खात्यात (क्रमांक पावतीपुस्तकावर आहे) किंवा खजिनदारांकडे, किराणा दुकानात संध्याकाळी 6 नंतर. पावती घ्यावीच. प्रशिक्षण जूनच्या पहिल्या शनिवारी व रविवारी, केंद्राच्या ओसरीवर, सकाळी 10 वाजता, जेवण मंडळाकडून. नावे 28 मेपर्यंत आशाताईंकडे द्यावीत. धान्य, तेल, सरपण दिले तरी चालेल. बाहेरगावच्या मंडळींनी ग्रुपवर निरोप टाकावा, मी स्वतः फोन करीन.

आपला,
सचिव
(कार्यकारिणीच्या वतीने)