गारेगार, तिखट-मीठ लावून

केंब्रिज, मॅसॅच्युसेट्स
26 एप्रिल

ती. आईस सा. न.

काल फोनवर तू म्हणालीस, लिहून पाठव, या घरात तोंडी सांगितलेलं कुणाच्या लक्षात राहत नाही. खरंय. वहिनी कृती विचारत होती, मागे दादाचा टीव्ही, छकुली मध्येच फोन ओढून मला पडलेला दात दाखवत होती, आणि बाबा आतून ओरडत होते की तिकडे थंडी आहे का विचार. आहे. बाहेर 9 अंश आहे आणि मी स्वेटर घालून, ओट्याशी उभी राहून, भांडुपच्या मे महिन्यासाठी बर्फाच्या कांड्या करतेय. तुझ्या जावयांनी मफलर गुंडाळून आतापर्यंत सोळा चाखल्यात. त्यांचं मत आता विचारू नये असं झालंय.

पत्र टपालाने पाठवलं तर पोचेपर्यंत तुमच्याकडच्या कैऱ्यांचे आंबे होतील. म्हणून हाताने लिहून फोटो दादाला पाठवतेय. त्याला म्हणावं कागदावर छापून आण, आईला मोबाइलवर दोन बोटांनी अक्षरं ताणत बसायला लावू नकोस.

आधी नावाचं बघू. वहिनी पॉप्सिकल म्हणते, छकुली कँडी म्हणते, दादा अजून 'पेप्सी'च म्हणतो. शाळेबाहेर प्लॅस्टिकच्या लांब नळीत मिळायची ना, दातांनी टोक फाडून चोखायची, ती. आणि तू गारेगार म्हणतेस. तुझ्या माहेरी सायकलच्या कॅरियरवर लाकडी पेटी बांधून तो दुपारी यायचा आणि 'गाऽरेगार' अशी आरोळी द्यायचा, ती नक्कल तू इतक्यांदा केली आहेस की तो माणूस मीच पाहिलाय असं मला वाटतं. मी तुझाच शब्द घेतला. छकुलीला मात्र सांग, पॉप्सिकल हे मुळात एका ब्रँडचं नाव आहे, आणि ही युक्ती सापडली एका 11 वर्षांच्या मुलाला. फ्रँक एपरसन त्याचं नाव, राहायचा इकडेच पण पार दुसऱ्या टोकाला, कॅलिफोर्नियात. 1905 साली थंडीच्या रात्री सरबताचा ग्लास आणि त्यातली ढवळायची काडी तो बाहेरच विसरला, सकाळी काडीला धरून सगळं अख्खं बाहेर आलं. पेटंट घेतलं ते 1924 मध्ये, मोठा झाल्यावर. भांडी उचलून न ठेवण्याचं समर्थन म्हणून ती ही गोष्ट वापरेल, तेव्हा बेताने सांग.

आता हे तिखटाचं खूळ माझ्या डोक्यात कुठून आलं ते. आमच्या खालच्या मजल्यावर एक मेक्सिकन आजी राहतात. मी त्यांना सेन्योरा म्हणते. त्यांना इंग्रजी येत नाही, मला स्पॅनिश येत नाही, मध्ये त्यांची नात असली तर असते. गेल्या जुलैत इथे उकाड्याने जीव नकोसा झाला होता, अगदी आपल्याकडचा घामट उकाडा, तेव्हा त्या जिन्यात बसून आंब्याच्या कांडीवर लाल पूड भुरभुरवून खात होत्या. मला एक दिली. आई, पहिल्या घासाला मी थेट स्टेशनबाहेरच्या हातगाडीपाशी! तोतापुरीच्या फोडी, मधे चीर दिलेली, त्यात तिखट-मीठ दाबून भरलेलं आणि हातात कागदाचा तुकडा. मेक्सिकोत या कांडीला पालेता म्हणतात. त्यांच्या पुडीत मिरची, मीठ आणि वाळवलेला लिंबूरस असतो. मी त्यांना आपलं काळं मीठ चाखायला दिलं. त्यांनी वास घेतला, नाक मुरडलं, नातीला काहीतरी सांगितलं. नात म्हणाली, "आजी विचारतेय, अंडं नासलंय का?" पण दुसऱ्या आठवड्यात डबी मागायला स्वतःच वर आल्या.

तर कृती. आधी माझ्या चुका सांगते, म्हणजे वहिनीच्या कैऱ्या वाया जाणार नाहीत.

पहिल्यांदा मी तुझं पन्हं केलं. अगदी तुझ्या मापाने, वेलची घालून, पिताना डोळे मिटावेत असं. ते साच्यात ओतलं. सकाळी जे निघालं ते पाट्याचा तुकडा म्हणून खपलं असतं आणि चव म्हणाल तर आंबटच्या पलीकडे काही नाही. गारठ्याने जिभेला गोडी कमी लागते हे मला माहीत असायला हवं होतं; वितळलेलं आइसक्रीम किती मिट्ट गोड लागतं ते आठव. म्हणून दुसऱ्यांदा साखर दुप्पट केली. तर ते गोठेचना. साखर पाण्याला सहजी गोठू देत नाही. बारा तासांनी काडी ओढली तर काडी हातात आणि गर साच्यात. थोडक्यात, साखर नुसती गोडीसाठी नसते, कांडी दाताने तुटेल इतकी मऊ राहते तीही तिच्यामुळे. फळातली गोडी धरून सगळ्या मिश्रणाच्या साधारण पाचवा हिस्सा साखर असली की जमतं. जिभेचं माप सांगायचं तर, गोठवण्याआधी चमचाभर चाखल्यावर 'अगं, जरा जास्तच गोड झालंय' असं तू म्हणशील, तिथे थांबायचं.

तिसरी चूक तुझ्या जावयांना महागात पडली. तिखट सरबतात नुसतं ढवळून मी साचे भरले. मिरचीपूड पाण्यात विरघळत नाही, ती हळूहळू तळाशी जाऊन बसली. आणि साच्याचा तळ म्हणजे कांडीचं टोक! म्हणजे पहिल्याच घासाला अर्ध्या चमच्याचं सगळं तिखट. ते बोलले काही नाहीत, फक्त बाल्कनीचं दार उघडून थोडा वेळ बाहेर उभे राहिले.

यावर उपाय सेन्योरांनी दाखवला. मिश्रण आधी पातेल्यातच फ्रीजरला ठेवायचं. तास-दीड तासाने कडेने बर्फ धरायला लागतो, मध्ये लगदा होतो. तो नीट ढवळून घ्यायचा, त्या लगद्यात तिखट मिसळायचं आणि मगच साचे भरायचे. दाट लगद्यात पूड जिथल्या तिथे अडकते. काडीही सरळ उभी राहते, तिरकी होत नाही.

वहिनीसाठी माप: दोन मध्यम कैऱ्या उकडून गर दीड वाटी झाला पाहिजे, साधारण 300 ग्रॅम. साखर आणि गूळ मिळून 180 ग्रॅम, निम्मं-निम्मं. नुसत्या गुळाची चव छान येते, पण रंग चिखलाचा होतो आणि छकुली तोंड लावणार नाही. पाणी 400 मिली. त्यातल्याच थोड्या पाण्यात गूळ-साखर गरम करून विरघळवून, गाळून, पूर्ण गार करून मग गरात घालायची. मीठ पाव चमचा, भाजलेल्या जिऱ्याची पूड अर्धा चमचा. तिखट अर्धा चमचा, पण बेडगीचं किंवा काश्मिरी. तुम्ही यंदाचा मसाला कुटायला लालबागला जाल तेव्हा पावभर बेडगी वेगळी दळून आणा. लवंगीला हात लावू नका, आणि घरचा मसाला तर मुळीच नको, त्यात धणे-खोबरं असतं, कांडीला आमटीचा वास येईल. (हो, मी करून पाहिलंय.)

साचा काठोकाठ भरायचा नाही. पाणी गोठताना फुगतं, जवळजवळ अकराव्या हिश्शाने, म्हणून बोटाच्या पेराच्या निम्म्याएवढी जागा वर सोडायची. साचे नसतील तर विकत आणू नका. आपली स्टीलची फुलपात्रं घ्या, वर फॉइल ताणून बसवा, त्याला चीर देऊन काडी खोचा. स्टील प्लॅस्टिकपेक्षा लवकर गार होतं आणि कांडी सुटतेही पटकन. सहा तास तरी फ्रीजर उघडायचा नाही. हे वाक्य बाबांना मोठ्याने वाचून दाखव. काढताना फुलपात्र पाण्यात दहा सेकंद धरायचं; इथे मला पाणी कोमट करावं लागतं, तुमच्याकडे दुपारी टाकीतून येतं तेच पुरेल.

वरून भुरभुरवायची पूड वेगळी: दोन भाग बेडगी, एक भाग काळं मीठ, एक भाग आमचूर, चिमूटभर पिठीसाखर. ही खायच्या क्षणीच लावायची. मीठ लावून कांडी पुन्हा फ्रीजरमध्ये ठेवली तर मिठाने बर्फ सुटतो आणि वर चिकट लाल ओघळ येतात. आणि मुलांना सांगा की पहिल्या चाटण्यात तिखट लागलं नाही म्हणून आणखी मागू नका. मिरची झोंबते ती जिभेच्या ज्या जाणिवेला, भाजल्याची जाणीवही तीच करून देते. हे ज्याने शोधलं त्या डेव्हिड ज्युलियस यांना 2021 चं नोबेल मिळालं. बर्फाने ती जाणीव दबून राहते, तोंड जरा ऊबदार झालं की मिरची हिशेब चुकता करते.

बाकी फळांचं थोडक्यात. कलिंगडाचा रस न शिजवता, लिंबू, काळं मीठ आणि मिरचीऐवजी मिरपूड. नुसतं पाणीच असतं त्यात, म्हणून साखर हवीच. अननस झकास, पण त्यात दूध घालायचा मोह नको, कच्च्या अननसाने दूध कडू होतं. जांभळं मेच्या शेवटी आली की काला खट्टा घरीच होईल, जुने कपडे घालून करा. पेरू हिवाळ्यासाठी ठेवा. आणि हापूसला तिखट लावायचं नाही. सेन्योरांना हे पटत नाही, त्या म्हणतात आंबा तो आंबा. त्यांनी हापूस खाल्लेला नाही. इथे येतो तो विमानाने, विकिरण करून (कीड मरावी म्हणून किरणांखाली धरून), 2007 पासून, आणि त्या पेटीची किंमत मी तुला सांगणार नाही कारण तू मला वेडी म्हणशील.

तुला सर्दीचं एक सांगायचं राहिलं. मी रोज फिरायला जाते ते तळं, फ्रेश पाँड, आता या गावाला पाणी पुरवतं. दोनशे वर्षांपूर्वी हिवाळ्यात त्यावर घोडे चालवून बर्फाच्या लाद्या कापायचे. फ्रेडरिक ट्यूडर नावाच्या बॉस्टनच्या व्यापाऱ्याने 1833 मध्ये इथला 180 टन बर्फ नीट गुंडाळून जहाजाने कलकत्त्याला पाठवला. चार महिन्यांच्या प्रवासात वितळून शंभरेक टन उरला, तरी लोक खूश. पुढच्या वर्षी तसा बर्फ मुंबईला आला. तेव्हा जमशेटजी जीजीभॉय यांनी घरच्या मेजवानीत आइसक्रीम वाढलं, आणि यजमानांसकट पाहुण्यांना सर्दी झाली म्हणून वर्तमानपत्रात टोमणा आला. म्हणजे तुझं 'गार खाल्लं, आता शिंका' हे मुंबईत आइसक्रीमइतकंच जुनं आहे. तळ्याकाठी उभी राहिले की मला गंमत वाटते, इथला बर्फ तिकडे गेला आणि तिथलं काळं मीठ माझ्या बॅगेतून इकडे आलं.

बर्फाच्या गोळ्यावरून तू आम्हाला जे बदडलंस तेही आठवलं. दादाला कावीळ झाली ती गोळ्यानेच, असं तू आजही सांगतेस. खरं कारण कुणालाच कळलं नाही. पण मासळीसाठीचा बर्फ कुठे आणि खायचा कुठे, हे तेव्हा डोळ्यांना कळायचंच नाही. 2018 पासून खाण्याचा नसलेला बर्फ निळसर रंगवायचा नियम महाराष्ट्रात आला, तेव्हा मला पहिल्यांदा तुझीच आठवण झाली. घरी करताना पाणी उकळून गार केलेलं घ्या, म्हणजे तुला बोलायला जागा राहणार नाही.

बाबांच्या शुगरचं वहिनीने विचारलं होतं. त्यांच्यासाठी वेगळी, बिनसाखरेची करायला जाऊ नका, वर सांगितला तो पाटा होईल आणि त्यांची कवळी आहे. त्यापेक्षा याच मिश्रणाची बर्फाच्या ट्रेच्या एका खणाएवढी करा, तीही जेवणानंतर. एक म्हणजे एक. रात्री फ्रीजरचं दार उघडल्याचा आवाज तुला येतोच.

एक विचारायचंय. शाळेसमोरच्या त्या कैरीवाल्या मावशींच्या तिखट-मिठात जिरं कच्चं असायचं की भाजलेलं? मी दोन्ही करून पाहिलं, दोन्ही त्यांच्यासारखं लागत नाही. तू त्यांच्याशी बोलत उभी राहायचीस, तुला माहीत असेल.

दादा-वहिनीला नमस्कार, छकुलीला पापा, बाबांना सा. न.

तुझी,
मनी

ता. क. तिखट वहिनीलाच मोजू दे. तुझा अंदाज चुकत नाही, पण तो दहा माणसांच्या कालवणाचा आहे.