विन्याला, गाडीबद्दल खरं ते सगळं

सातारा,
21 सप्टेंबर 2025, रविवार

प्रिय विन्या,

आज सर्वपित्री. गच्चीवर पान वाढून ठेवलंय, कावळ्याचा पत्ता नाही, आणि तो शिवल्याशिवाय मंजू कुणाला जेवू देणार नाही. तेवढ्या वेळात तुला लिहून टाकतो. राखीपौर्णिमेपासून तुझे चार फोन मी उचलले नाहीत. कामात होतो, रेंज नव्हती, वगैरे जे मेसेजवर टाकलं ते सोड. तू "हॅलो"च्या आधी "गाडी काय म्हणते?" विचारतोस, आणि मला त्याचं उत्तर द्यायचं नव्हतं.

तर ऐक. दर रविवारी तुझ्या अण्णांची गाडी चालू करतो, कोरेगावपर्यंत फेरी मारून आणतो, असं पावसाळाभर तुला सांगत होतो ना? खोटं. मेच्या शेवटच्या आठवड्यात वाईहून आणून शेडमध्ये लावली, ती 15 ऑगस्टपर्यंत तिथंच. पहिले दोन रविवार पाऊस होता. नंतर पाऊस नव्हता तरी गेलो नाही. बास, एवढंच आहे. हे लिहायला मला महिना लागला. आता मनातल्या मनात काय शिव्या द्यायच्यात त्या दे आणि पुढं वाच, कारण पुढचं फक्त तुलाच कळणार आहे. मंजूला सांगायला गेलो तर म्हणते, "चालू झाली ना? मग झालं."

झेंडावंदनाहून आलो आणि का कोण जाणे, अण्णांची आठवण झाली म्हणून किल्ली फिरवली. टक् सुद्धा नाही. तुझाच तो पिवळा मल्टिमीटर लावला, काळ्या वायरीला चिकटपट्टीवाला. 4.1 व्होल्ट! मग बसून हिशेब केला, तुला आवडतो तसा. गाडी बंद असली तरी घड्याळ, अलार्म आणि कॉम्प्युटर मिळून 40 मिलीॲम्पिअर तरी ओढतात. म्हणजे दिवसाला जवळजवळ एक ॲम्पिअर-तास. बॅटरी 35ची, तीही पाच वर्षांची. जुलै उजाडेपर्यंत ती गेलेली असणार, आणि मी तुला फोनवर "मस्त आहे रे, एका सेल्फला घेते" सांगत होतो तेव्हा तिचं तेरावंसुद्धा होऊन गेलं होतं. तरी रात्रभर चार्जर लावला. सकाळी 12.4 दाखवलं, सेल्फ मारला की 7 वर. नवी आणली. टर्मिनलवर हिरवट पांढरी बुरशी चढली होती, ती गरम पाणी आणि खायच्या सोड्यानं धुतली. मंजूच्या डब्यातला सोडा, हे तिला अजून माहीत नाही.

नवी बॅटरी बसवली, सेल्फ मारला, घेतली. एका सेल्फला घेतली! मी म्हटलं, सुटलो, विन्याला काही कळणार नाही. रेसवरून पाय काढला. गाडीनं दोन आचके दिले आणि बंद. पुन्हा घेतली, पुन्हा बंद. पाय ठेवला की सुरळीत, अगदी घड्याळासारखी. पाय काढला की संपलं. स्लो, म्हणजे रेसशिवाय नुसतं चालू राहणं, ते पकडायलाच तयार नाही.

मग सुरू झाली ती दशावतारी. बॅटरीवाला म्हणाला पेट्रोल शिळं झालंय. टाकीतलं काढून नवं भरलं, फरक नाही. गॅरेजवाला म्हणाला, "काका, हे वीस टक्के इथेनॉल, जुन्या गाड्यांना हे सोसत नाही." आता इथेनॉलबद्दल मलाही राग आहे, पण लेका, मेमध्ये वाईला जाऊन आलो तेव्हाही तेच पेट्रोल होतं. हल्ली कुणाला काही सुचलं नाही की इथेनॉल. आपल्या वेळी सगळं "कचरा आलाय" असायचं. गणपतीत गाडी त्याच्याकडेच. प्लग बदलले, पेट्रोल फिल्टर बदलला, मशीन लावून बघितलं तर एकही एरर नाही. 4,200 रुपये. शेवटी म्हणाला, कॉम्प्युटर गेला, जुना मिळवून देतो, 18 हजार. मी नको म्हटल्यावर त्यानं काहीतरी पिळलं आणि गाडी स्लोला उभी राहायला लागली. जरा मोठ्या आवाजात, पण उभी राहायला लागली. मीही विचारलं नाही काय पिळलं. मला "झालं" ऐकायचं होतं.

आणि गेल्या रविवारी मी ती गाडी घेऊन कासला गेलो. हो, यवतेश्वरचा घाट चढून. मंजू, मंजूची आई आणि मी. सासूबाईंना फुलं बघायची होती. फुलं छान होती, तेरड्यानं पठार गुलाबी झालंय, सीतेची आसवंही होती, माणसं फुलांपेक्षा जास्त होती. ते जाऊ दे. उतरताना इंजिन पूर्ण तापलेलं, तिसऱ्या गिअरमध्ये होतो, वळणाआधी क्लच दाबला आणि इंजिन बंद पडलं. आवाज येणंच बंद, फक्त टायरांचा आणि वाऱ्याचा आवाज. स्टिअरिंग एकदम दगडासारखं जड. ब्रेक दाबला, लागला. सवयीनं सोडून दुसऱ्यांदा दाबला तर अर्धा लागला, तिसऱ्यांदा पाय विटेवर ठेवल्यासारखा. इंजिनाची ओढ थांबली की ब्रेकचा बूस्टर एकदोनदाच साथ देतो, हे मला माहीत आहे. मीच ओंकारला शिकवलंय. पण पायाला ते कळेपर्यंत वळण आलं होतं. दोन्ही हातांनी स्टिअरिंग ओढलं, दुसरा गिअर टाकून क्लच सोडला, गाडीनं झटका दिला आणि इंजिन परत घेतलं. मागून सासूबाई म्हणाल्या, "अहो, किती छान शांत झाली होती हो गाडी." मंजू काही बोलली नाही. तिचा उजवा हात माझ्या सीटवर होता, तो घरी येईपर्यंत तिथंच होता.

मी गाडी बाजूला घेतली. कुठं, सांगू? त्याच कठड्यापाशी. 1993. आबांची स्कूटर. रेस दिली की चालते, सोडली की बंद. मी म्हणत होतो प्लग, तू म्हणत होतास जेट. मी तीन प्लग बदलले, तिसरा तर त्या दूधवाल्याच्या गाडीचा मागून घेतलेला. तू कठड्यावर बसून शेंगा खात होतास. मग उठलास, कार्ब्युरेटर उघडलास, तो एवढासा स्लो जेट ओठात धरून फुंकलास, आणि स्कूटर चालू. आणि वर म्हणालास, "सुध्या, तू आयुष्यभर ठिणगीच शोधत बसणार. हवेचं काय?" त्यावरून मी तुझ्याशी दिवाळीपर्यंत बोललो नव्हतो. शेंगांच्या टरफलांबद्दल तू आजवर माफी मागितलेली नाहीस, हे लक्षात असू दे. टूलबॉक्समध्ये टाकली होतीस.

तर त्या रात्री शेडमध्ये दिवा लावून बसलो आणि पहिल्यांदा नीट विचार केला. पाय ठेवल्यावर गाडी छान चालते, म्हणजे पेट्रोल येतंय, ठिणगी पडतेय. पाय काढल्यावर हवा आत सोडणारा थ्रॉटलचा फ्लॅप मिटतो, आणि तेव्हाच मरते. म्हणजे हवा. च्यायला, म्हणजे पुन्हा हवाच! पण मग मेमध्ये का नाही? मधल्या काळात बदललं काय? काहीच नाही, फक्त बॅटरी शून्याला गेली.

तुमच्या माचीवरच्या घराचं मागचं दार आठवतं? खालून पायानं उचलून ढकलल्याशिवाय लागायचं नाही. तुम्हा सगळ्यांचे पाय आपोआप उचलायचे, दार वाकडं आहे हे कुणाच्या डोक्यातही नसायचं. मग ताईच्या लग्नात जावयांनी लावलं आणि रात्रभर दार सताड, मांजर श्रीखंडात. गाडीचं तसंच झालंय. वर्षानुवर्षं फ्लॅपच्या कडेला काजळी बसत गेली, हवेची फट बारीक होत गेली, आणि कॉम्प्युटर गुपचूप स्लोचा व्हॉल्व्ह, म्हणजे फ्लॅप मिटलेला असताना हवा सोडणारा, थोडा थोडा जास्त उघडत गेला. किती उघडायचा ते त्यानं लक्षात ठेवलं. ते लक्षात राहतं त्या 40 मिलीॲम्पिअरमधल्या चिमूटभर करंटवर. बॅटरी मेली, सगळं पुसलं. आता तो फॅक्टरीतून आल्यासारखा वागतोय, 2006 साली उघडायचा तेवढाच व्हॉल्व्ह उघडतोय, आणि फट तर काजळीनं भरलेली. गाडी नेमकी बॅटरी बदलल्यावर बिघडली म्हणून सगळे नव्या वस्तूकडे बघत होते. बिघाड आधीपासूनच होता, इतके दिवस त्याला कुणीतरी सांभाळून घेत होतं, एवढंच.

मशीनवर एरर का नाही, तेही मग कळलं. कॉम्प्युटरच्या मते काही चुकलेलंच नाही. जावयांच्या मतेही नव्हतं.

शुक्रवारी रजा टाकली. हवेच्या पाइपाचे दोन क्लॅम्प सोडले, पाइप बाजूला केला आणि विन्या, फ्लॅपच्या मागची कडा बघायला हवी होतीस. काळा, चिकट, तव्याच्या बुडासारखा थर. बोट फिरवलं तर ठसा उमटला. आणि बाजूच्या, फ्लॅप कितपत मिटायचा ते ठरवणाऱ्या स्टॉप-स्क्रूवरचा कंपनीचा पिवळा ठिपका फुटलेला, दीड आटा फिरवलेला. म्हणजे ते "पिळलं" ते हे. फ्लॅप कायमचा किलकिला करून ठेवला होता, रोग तसाच ठेवून. आपल्या गाडीला रेसपासून फ्लॅपपर्यंत तार आहे म्हणून फ्लॅप हातानं उघडून घासला. नव्या, मोटरच्या फ्लॅपच्या गाड्यांना असं बोटानं रेटायचं नाही, तुझ्या गाडीला करायला जाशील म्हणून सांगतो. कार्ब क्लीनरचा अर्धा डबा, ओंकारचा जुना टूथब्रश, बनियनचं फडकं. स्क्रू मागं फिरवून ठिपक्याच्या दोन अर्ध्या रेघा जुळवल्या. स्लोचा व्हॉल्व्ह काढून तोही धुतला, वाळवला.

मग महिनाभरात कॉम्प्युटर जे चुकीचं शिकला ते विसरायला लावायचं म्हणून बॅटरीची निगेटिव्ह वायर पंधरा मिनिटं काढून ठेवली. परत लावली. एसी बंद, दिवे बंद, रेसला पाय लावायचा नाही. सेल्फ मारला. इंजिन वर गेलं, खाली आलं, घुटमळलं. मी श्वास धरून. मग धरलं त्यानं. पंखा एकदा लागला, बंद झाला, पुन्हा लागला, काटा 850च्या आसपास हलेना. मग एसी लावला, जरा दबली, सावरली. बॅटरीवर 14.2, म्हणजे अल्टरनेटरही निर्दोष. मग पोवई नाक्यावर सगळे सिग्नल मुद्दाम लाल लागतील असा गेलो, ग्रेड सेपरेटरमधून खाली-वर दोन फेऱ्या मारल्या, दर वेळी क्लच दाबून बघितला. एकदाही बंद नाही. रविवारच्या त्या वळणावर मात्र अजून एकटा गेलेलो नाही. जाईन.

थांब, कावळा आला.

शिवला. भाताला नाही, भोपळ्याच्या भाजीला. आबांना आवडायचीच ती. जेवून पुन्हा बसलोय, त्यामुळे आता थोडक्यात. माझी शुगर आहे तिथंच, मंजूचा गुडघा आहे तसाच. केतकीचं जमल्याचं ताईकडून कळलं, तुझ्याकडून कळायला फोन उचलायला हवा होता, ती चूक माझी. मुलगा बडोद्याचाच का? तारीख कळव, महिनाभर आधी कळव, रजा मिळत नाही. काकूंच्या दुसऱ्या डोळ्याचं ऑपरेशन झालं का? त्यांना सांग, सुधीरनं गाडी धुतली. तेवढंच सांग.

पासिंगचं आपण दिवाळीत बोलू. मार्चमध्ये वीस वर्षं पूर्ण, आणि ऑगस्टमध्येच सरकारनं वीस वर्षांवरच्या चारचाकीची नूतनीकरणाची फी 10 हजार केली, पर्यावरण कर वेगळा. ओंकार भंगारचं म्हणतोय. गेल्या रविवारी मीही पाच मिनिटं म्हणत होतो. आता मला विचारू नकोस, शुक्रवारपासून माझं मत ग्राह्य नाही.

खरं काम राहिलंच. कॉम्प्युटरबरोबर रेडिओचीही पाटी कोरी झाली. तो आता चार आकडी कोड मागतो. दोनदा चुकला की तासभर गप्प बसतो, अगदी अण्णांसारखा. अण्णांचं जन्मसाल 1938 टाकलं, नाही. तुझं 1969, नाही. तासाभरानं काकूंचं टाकलं, तेही नाही. कोडचं कार्ड गाडीच्या पुस्तकात नाही. मला वाटतं अण्णांनी ते पोस्टाच्या पासबुकांबरोबर ठेवलं असणार, म्हणजे काकूंच्या त्या हिरव्या ट्रंकेत, जी तू बडोद्याला नेलीस. क्रेडिट कार्डाएवढं असतं. शोध.

सापडलं तरी बटणांवरची स्टेशनं गेली ती गेलीच. पहिल्यावर आकाशवाणी सातारा होतं आणि चौथ्यावर विविध भारती, एवढं मला आठवतं. बाकीच्या चार बटणांवर अण्णांनी काय काय लावलं होतं, तुला आठवतंय का? काकूंना विचारून बघ.

तुझा,
सुध्या