यंदा नाही, पुढच्या डिसेंबरला

मुलुंड, मुंबई

ती. आई-बाबांना,
साष्टांग नमस्कार.

बाबा, परवा तुम्ही फोनवर विचारलंत, "अमेरिकेचे फॉर्म यंदा भरणार ना?" मी लोकलमध्ये होते, धड बोलता आलं नाही. यंदा भरत नाहीये. पुढच्या डिसेंबरला भरेन. का, ते नीट सांगते.

क्लिनिकल सायकॉलॉजीच्या पीएचडीला तिकडे वर्षातून एकदाच प्रवेश असतो. बहुतेक विद्यापीठांची मुदत डिसेंबरच्या पहिल्या पंधरवड्यात संपते. जानेवारी-फेब्रुवारीत मुलाखती होतात, निवड झालीच तर साधारण १५ एप्रिलपर्यंत आपला होकार-नकार कळवायचा, आणि ऑगस्टच्या सुमारास वर्ग सुरू. डिसेंबर हुकला की वर्ष गेलं, हे तुमचं म्हणणं खरंच आहे. पण तिथे नुसत्या मार्कांवर यादी लागत नाही. एकेका प्राध्यापकाकडे एखादीच जागा असते, एखाद्या वर्षी तीही नसते, आणि त्यांच्या संशोधनाशी आपला विषय जुळावा लागतो. त्यामुळे कोण विद्यार्थी घेणार आहे याचा शोध उन्हाळ्यापासूनच घ्यावा लागतो. शिवाय तीन शिफारसपत्रं.

माझा विषय आत्ता कुठे आकार घेतोय. ओपीडीत आम्ही नैराश्य ओळखायला नऊ प्रश्नांची एक प्रश्नावली भरून घेतो. "गेल्या दोन आठवड्यांत उदास वाटलं का? कशात रस वाटेनासा झालाय का?" समोरची बाई पदर सावरत म्हणते, "तसं काही नाही हो मॅडम. पण डोकं जड असतं, छातीवर धोंडा ठेवल्यासारखं होतं." पहिल्या दोन्ही प्रश्नांना 'अजिबात नाही'वर खूण होते. छातीवरच्या धोंड्याला त्या कागदावर रकानाच नाही. शेवटी उत्तरांच्या गुणांची बेरीज २७ पैकी एवढीशी येते आणि ती बाई औषधाविना घरी जाते. आई, तुझ्या माहेरच्या किती बायका असंच बोलतात! त्यांचं दुखणं नीट कसं ओळखायचं, हेच मला शिकायचंय. अशा बायकांच्या बोलण्याच्या नोंदी मी करतेय, त्या पुढच्या पावसाळ्यापर्यंत पुऱ्या होतील. मग अर्जात दाखवायला हातात काम असेल, आणि आमच्या मॅडमना शिफारसपत्रात त्या कामाबद्दल ठामपणे लिहिता येईल. आज लिहायला सांगितलं, तर 'मुलगी कष्टाळू आहे' यापलीकडे त्या काय लिहिणार?

दादरच्या एका कन्सल्टंटने सुचवलं की आधी तिथे मास्टर्स करा, त्याचे फॉर्म पुढेही चालू असतात. बाबा, कृपा करून त्यासाठी एफडी मोडू नका. मास्टर्सचा खर्च बहुतेक आपल्याच खिशातून जातो आणि तेवढ्यावर तिथल्या बहुतेक राज्यांत सायकॉलॉजिस्टचा परवाना मिळत नाही, डॉक्टरेट लागते. चांगल्या विद्यापीठांत पीएचडीला फी सहसा माफ असते, वर विद्यावेतनही मिळतं. त्यासाठी एक वर्ष थांबणं मला परवडतं.

इथलंही दार मी बंद केलेलं नाही. आपल्याकडे या कामाला आरसीआयची, म्हणजे भारतीय पुनर्वास परिषदेची, नोंदणी लागते आणि त्यासाठी आजवर एम.फिल. हा मुख्य रस्ता होता. यूजीसीने त्याला २०२५-२६ पर्यंतच मुदत दिली. त्याच्या जागी येणाऱ्या अभ्यासक्रमांवर माझं लक्ष आहे.

आता तुम्ही बोलून दाखवत नाही ते. पीएचडी म्हणजे पाच-सहा वर्षं, त्यातलं शेवटचं पूर्णवेळ इंटर्नशिपचं. मी परत येईन तेव्हा बाबा पंचाहत्तरीला आलेले असतील. रात्री हे मनात आलं की झोप लागत नाही. ताई चिपळूणलाच आहे, पण सगळा भार तिच्यावर टाकून निघायचं नाही, हे मी ठरवलंय. तिच्याशीही मोकळेपणाने बोलणार आहे. तुम्हाला मनातून नको वाटत असेल तर माझ्यासाठी म्हणून हो म्हणू नका. प्राध्यापकांची यादी मी मे महिन्यात करायला घेईन, त्याआधी तुमचं खरं मत मला हवंय.

दिवाळीला भाऊबीजेपर्यंत आहे, तेव्हा निवांत बसू. बाबा, कपाटातल्या फाइलीत माझ्या बी.ए.च्या मार्कशीट आहेत, ट्रान्सक्रिप्टसाठी लागतील, तेवढ्या काढून ठेवा. आणि आई, मोतीबिंदूची तारीख माझ्या फॉर्मसाठी पुढे ढकलू नकोस. डॉक्टरांकडून फेब्रुवारीतली घे, मी सुट्टी काढून येते.

तुमची,
मनू